दप्तरात आजी कुठे आहे?

निमगाव केतकीच्या गटाच्या बैठकीत आम्ही एकमेकींना विचारलं, घरातल्या पणजोबांचं नाव काय? पटापट उत्तरं आली. मग विचारलं, पणजीचं? सगळ्या गप्प. हे असं का, ते आज बघू.

पणजोबांचं नाव राहिलं ते कागदामुळे. इंग्रजी अमलात १८३० साली आपल्या इंदापूर तालुक्यात प्रिंगलसाहेबाच्या दरानं सारा बसला. तो इतका जड, की रानं पडीक पडली आणि कितीतरी कुणबी निजामाच्या मुलखात निघून गेले. म्हणून १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवं काम हाती घेतलं. साखळीनं मोजणी झाली, मातीची खोली आणि पोत पाहून आण्यांत प्रत ठरली. १८३६ पासून तीस वर्षांसाठी दर बांधून दिला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तिची सुरुवात आपल्या इंदापुरातली!

या दप्तरात जमिनीपुढे खातेदाराचं नाव लागलं. अमुक बिन तमुक. बिन म्हणजे मुलगा. बाईचं नाव आलंच, तर बहुधा ती विधवा असायची, आणि पुढे लिहीत 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. बाकी खुरपणारी, वेचणारी, जात्यावर दळून रानात भाकरी नेणारी बाई खात्यात नाही. मातीची प्रत लिहिली, तिच्या हाताची नाही.

कागदाची ताकद आपल्या भागानं फार लवकर ओळखली होती. तीस वर्षं संपल्यावर सारा वाढला, कापसाचा भाव पडला, कर्ज चढलं. १२ मे १८७५ ला शेजारच्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले. पुढे गावोगाव हा उठाव पसरला, आणि लोकांचा रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळले. कारण जमीन जायची ती कागदानं.

आता दूरचं उदाहरण. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्म-मृत्यूची नोंद सक्तीची झाली, आणि त्यात आईचं माहेरचं आडनावही लिहिलं जाई. म्हणून तिथल्या शेतकरी घरांना आज आजीच्या माहेरापर्यंत पोचता येतं. आपल्याकडच्या जुन्या कोतवाल बुकात मात्र कितीदा बापाचं नाव आणि 'मुलगी झाली' एवढंच सापडतं.

आपल्याकडेही बदल झालाय. वडिलांच्या शेतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला कायद्यानं आला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं. पण वडील गेल्यावर वारसनोंद करताना "ताई, इथं सही कर" म्हणत हक्कसोडपत्र पुढे येतंच. भावावर माया असू द्या. पण वाचल्याशिवाय सही नको. सही करायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

तर या आठवड्यात दोन कामं करू. सातबारा काढून आपलं नाव आहे का ते पाहू. आणि गटाच्या वहीत मागच्या पानावर आई, आजी, पणजी, सासू, आजेसासू यांची नावं लिहू, माहेरच्या गावासकट. गावातल्या म्हाताऱ्या आज्यांना लवकर विचारा. त्यांच्या तोंडी आहेत तोवरच ही नावं मिळतील.