छोटी लाईन

परवा नातीचा फोन आला. शाळेत "आपल्या गावाचं स्टेशन" या विषयावर लिहून न्यायचं होतं. मी सांगायला लागलो आणि दोन वाक्यांतच अडखळलो. जवळजवळ पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे दरवर्षी मुलांकडून घोकून घेतलं. पण वर्गाच्या खिडकीतून जी गाडी दिसायची, तिच्यावर एकही तास घेतला नाही!

आमच्याकडे तिला छोटी लाईन म्हणत. मोठी लाईन आधीची. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८२ मध्ये राजनांदगावला पोचली, तीही मीटरगेज. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली, तिने हा मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला. मग सातपुड्यात शिरायला अडीच फुटी रूळ टाकले. गोंदिया ते नैनपूर गाडी १९०३ मध्ये सुरू झाली, १९०५ मध्ये ती जबलपूरपर्यंत गेली. अरुंद रुळाला खर्च कमी आणि डोंगरातली वळणंही त्याला जमतात, एवढं साधं कारण.

दुष्काळही त्याच काळातले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. दुसऱ्याला आजी "छप्पन्या" म्हणायची, संवत १९५६ चा म्हणून. पणजोबांनी रेल्वेच्या भरावावर माती वाहिली, पोटापुरती मजुरी मिळाली, असं ती सांगे. दुष्काळ मी शिकवला, रेल्वे शिकवली. दोन्ही धडे माझ्याच घरात एकत्र होते, हे कधी ध्यानात आलं नाही.

रूळ वेगळे म्हणून डबे सरळ पुढे जाऊ शकत नसत. जंगलातलं लाकूड, बांबू, तेंदूपत्ता, धान, सगळं गोंदियात छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवायचं. हे काम हमालांच्या पाठीवर चाले. माझ्या वर्गातला एक मुलगा दुपारच्या सुट्टीत बापाला यार्डात डबा द्यायला जायचा आणि उशिरा यायचा. मी त्याला छड्या मारल्या. त्याने कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे त्याच्या मित्राकडून कळलं.

गोंदिया-बालाघाट मार्ग २००५-०६ मध्ये ब्रॉडगेज झाला. नैनपूर-जबलपूरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. आता जबलपूरपर्यंत मोठी गाडी जाते, वेळ वाचतो, तक्रार नाही. आमच्या गावी मात्र स्टेशनची जुनी खोली तशीच उभी आहे. तिकीट खिडकी विटांनी बुजवली आहे. फलाट इतका बुटका की लहानपणी आम्ही पोरं उडी न मारताच गाडीत चढायचो. आता तिथे शेळ्या बसतात. छोटी इंजिनं बघायची तर नागपूरला मोतीबागेच्या संग्रहालयात जायचं. ते २००२ मध्ये उघडलं. पण संग्रहालयात इंजिन ठेवता येतं, हमालाची पाठ कुठे ठेवणार?

नातीला रात्री पुन्हा फोन केला. साल, रूळ, दुष्काळ, सगळं सांगितलं. शेवटी छड्यांचंही सांगितलं.

"हे पण लिहू, आजोबा?"

"लिही," म्हटलं.