गणंगाचा इतिहास : मक्याचा एखादा दाणा फुटत का नाही?

१/
पॉपकॉर्नचे भांडे रिकामे झाले की तळाशी काही टणक दाणे उरतातच. लाह्या भाजताना न फुटलेल्या अशा दाण्याला मराठीत ‘गणंग’ म्हणतात, आणि कुचकामी माणसालाही आपण हाच शब्द लावतो. अमेरिकेत याच दाण्याला ‘ओल्ड मेड’, म्हणजे लग्नाविना वय उलटलेली बाई, असे नाव पडले. दोन्ही भाषांनी दोष दाण्याच्या माथी मारला. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. आजचा थ्रेड या गणंगाच्या बाजूने.

२/
आधी कार्यकारणभाव पाहू. लाहीच्या मक्याच्या दाण्यात घट्ट पिष्ट असते आणि त्यात सुमारे १४ टक्के पाणी मुरलेले असते. दाणा तापला की पाण्याची वाफ होते. पण टरफल घट्ट असल्यामुळे ती कोंडून राहते. तापमान १८० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते, आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे नऊपट होतो आणि टरफल फाटते. मऊ झालेले पिष्ट क्षणात फेसासारखे फुगते व तसेच थिजते. हीच लाही.

३/
म्हणजे दाणा न फुटण्याची मुख्य कारणे दोन. एक, तो वाळून आतला ओलावा फार कमी झालेला असतो. दोन, ओलावा पुरेसा असूनही टरफलाला बारीकशी चीर असते, आणि दाब साठण्याआधीच वाफ निसटून जाते. दाण्याच्या अंगी फुलण्याचे सामर्थ्य असते; ते कोंडून धरणारी भिंत तेवढी नसते.

४/
आता मागे जाऊ. दक्षिण मेक्सिकोत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे ९००० वर्षांपूर्वी ‘टिओसिंटे’ या रानगवतापासून मका माणसाळला गेला. लाहीचा मका हा मक्याच्या अतिप्राचीन प्रकारांपैकी एक आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बर्नार्दिनो दे साहागुन याने मेक्सिकोतील लोकजीवनाची तपशीलवार नोंद केली. तीत मक्याच्या लाह्यांचे ‘मोमोचित्ल’ हे नाव येते, आणि पर्जन्यदेव त्लालोकच्या पूजेशी त्यांचे असलेले नातेही.

५/
पण टिओसिंटेच मक्याचा पूर्वज, हे विसाव्या शतकात सहजासहजी मान्य झाले नाही. त्याच्या कणसात मोजके दाणे, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात बंद. असले धान्य माणूस खाईल कसे, आणि खाणार नसेल तर पेरील कशाला? पॉल मँगेल्सडॉर्फ व त्यांचे सहकारी रीव्हज यांनी म्हणूनच मत मांडले की मक्याचा खरा पूर्वज टिओसिंटे नव्हे, तर आता नामशेष झालेला कुणी रानमका असावा.

६/
जॉर्ज बीडल या तरुण आनुवंशिकीतज्ज्ञाने उत्तर दिले ते लाह्या फोडून. टिओसिंटेचे दाणे तापवल्यावर ते कवच फोडून मक्यासारखेच फुलतात, हे त्याने १९३९ साली दाखवून दिले. जे दळता येत नाही ते भाजता येते! पुढे १९५८ साली त्याला वेगळ्याच संशोधनासाठी नोबेल मिळाले; पण निवृत्तीनंतर तो पुन्हा याच प्रश्नाकडे वळला. मका व टिओसिंटे यांच्या संकरातून त्याने सुमारे ५०,००० रोपे वाढवली. दर ५०० रोपांमागे साधारण एक मूळ पूर्वजासारखे निघाले. यावरून दोघांतला मुख्य फरक चार-पाच जनुकांचाच असावा, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढच्या पिढीच्या जनुकीय अभ्यासाने त्याची बाजू उचलून धरली.

७/
या वादात पणाला काय लागले होते? टिओसिंटे निरुपयोगी ठरवणे म्हणजे, त्याचा उपयोग शोधून काढणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यांची बुद्धीच नजरेआड करणे. आपल्याला एखादी गोष्ट वापरता येत नाही, म्हणून पूर्वजांनाही ती येत नसणार, हा इतिहासलेखनातला जुना सापळा आहे.

८/
पुढे लाही बाजारात आली आणि गणंग हा व्यापाराचा प्रश्न बनला. ऑर्व्हिल रेडनबाकर १९२८ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातून कृषिविद्येचा पदवीधर झाला. चार्ल्स बोमन या भागीदारासह त्याने वर्षानुवर्षे संकर करून अधिक फुलणारे वाण निवडले आणि ते काचेच्या हवाबंद बरण्यांत विकले. बरणी दिखाव्यासाठी नव्हती. दाण्यातला ओलावा टिकवण्यासाठी होती.

९/
त्याच पर्ड्यूमध्ये २००५ साली ब्रूस हॅमेकर व सहकाऱ्यांनी १४ वाण मायक्रोवेव्हमध्ये तपासले. न फुटलेल्या दाण्यांचे प्रमाण काही वाणांत ४ टक्के, तर काहींत ४७ टक्क्यांपर्यंत निघाले. चांगल्या फुलणाऱ्या वाणांत टरफलातील सेल्युलोजची रचना अधिक सुबद्ध, स्फटिकासारखी होती; त्यामुळे ओलावा बाहेर झिरपत नव्हता. पुन्हा तेच : प्रश्न भिंतीचा.

१०/
शेवटी एक गोष्ट, इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी. फुललेली लाही खाल्ली जाते, नाहीतर चुरा होऊन जाते. चुलीतून निसटलेला, जळून कोळसा झालेला दाणा मात्र हजारो वर्षे मातीत टिकतो आणि उत्खननात हाती लागतो. त्या काळी कोण काय पेरीत होते, काय खात होते, हे आपल्याला बऱ्याच अंशी असे वाया गेलेले दाणेच सांगतात. तेव्हा भांड्याच्या तळाशी गणंग दिसला, तर फेकण्यापूर्वी क्षणभर त्याच्याकडे पाहा. तो कुचकामी नाही. त्याची वाफ तेवढी निसटली आहे.