रेकॉर्डला नाही

आमच्या गावात 'रेकॉर्ड' हा शब्द तीन वाटांनी आला. तलाठी दप्तर सोडून "रेकॉर्डला काय आहे?" म्हणायचा, तेव्हा तो सातबाऱ्याबद्दल बोलत असायचा. लग्नात कोणी "रेकॉर्ड लावा रे" म्हटलं की काळी तबकडी फिरायची आणि कर्णा बोलू लागायचा. तिसरा आला चुलत्यांच्या ट्रंकेतून. 1981 च्या दिवाळीत गिरणीच्या बोनसातून त्यांनी टेपरेकॉर्डर आणला. बायाबापड्या त्याला नुसतं 'टेप' म्हणत. सुट्टी संपली तसे चुलते मुंबईला परतले, टेप मात्र आमच्याकडंच राहिला.

पुढं कोर्टकचेरीचे कागद वाचता वाचता या शब्दाच्या मुळाशी गेलो. लॅटिनमध्ये 'कोर' म्हणजे हृदय. रेकॉर्ड म्हणजे पुन्हा हृदयाशी आणणं, आठवणं. कागद त्यात नंतर आला. लंडन शहरात तेराव्या शतकाच्या अखेरीपासून 'रेकॉर्डर' या पदावर माणूस नेमत. शहराची रूढी काय, असा वाद निघाला की तो न्यायाधीशांपुढं उभा राहून तोंडी सांगायचा आणि त्याचं सांगणं प्रमाण मानत. त्याच नावाचा न्यायाधीश 1798 साली मुंबईत आला. 1824 मध्ये सुप्रीम कोर्ट सुरू होईपर्यंत मुंबईत 'रेकॉर्डर्स कोर्ट' होतं, आणि सर जेम्स मॅकिन्टॉश 1804 ते 1811 या पदावर होते. जुन्या इंग्रजीत पाखरू हलक्या आवाजात सूर घोकतं, त्यालाही हेच क्रियापद होतं. तिकडच्या लाकडी बासरीला रेकॉर्डर हे नाव त्यावरूनच पडलं असं मानतात.

हे वाचलं आणि आज्जी आठवली. आमच्या भावकीचा रेकॉर्डर तीच होती. कोणता बांध कुणी कोरला, कुठल्या आंब्याखाली हद्दीचा दगड होता, कुणाच्या लग्नाला कोणता बैल विकला, सगळं तिला पाठ. चार माणसं बसली की म्हणायची, "म्हातारीला इच्यारा."

सरकारी रेकॉर्डची रीत वेगळी. इंग्रजी अमलातल्या मोजणीच्या कागदांना सारा कोण भरतो एवढ्याशी मतलब. 1903 च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात हक्काची नोंद सुरू झाली. गावनमुना सातमध्ये जमीन कुणाची ते, बारामध्ये पिकं. पण त्यात जायला कुणीतरी जाऊन नाव सांगावं लागतं. आमच्या घरात आत्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवाळीनंतर वडील म्हणाले, "आईचं बोलणं टेपात भरून ठेव." मी आठवीत होतो. लाल बटण दाबून टेप आज्जीपुढं ठेवला. ती तासभर बोलली. त्यात एक गोष्ट स्वच्छ सांगितली : ओढ्याकडची पट्टी आत्याला चोळी-बांगडीसाठी दिलेली, ती तिचीच ठेवायची.

कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचा इवलासा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मला ते ठाऊक नव्हतं. नवी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. रेडिओसमोर टेप धरून मी त्याच कॅसेटवर विविधभारतीची गाणी भरली.

जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप झाला. चुलत्यांची नोकरी गेली ती गेलीच. बायकोपोरं घेऊन ते गावी आले. जमिनीशिवाय त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं. दोन वर्षांनी आज्जी वारली आणि वाटण्या निघाल्या. आत्यानं पट्टीचा विषय काढला. चुलते म्हणाले, "आई असं कधी बोलली न्हाई. रेकॉर्डला दाखवा."

"टेपात बोललीय," वडील म्हणाले.

मी टेप लावला. गाणं लागलं. मग दुसरं. माझे कान तापले. बाजू संपत आली तेव्हा गाणं मध्येच तुटलं आणि आज्जीचा आवाज आला : "आता बंद कर रं त्यो डबा, माझी भाकरी करपंल." तेवढंच.

चुलत्यांनी डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. पण पट्टी सोडली नाही. कोर्टात ती टेप टिकली नसती, हे मला आता कळतं. पण आईच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना नाही म्हणवलं नसतं, हेही कळतं. ऐकायला मीच काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

आत्या त्या दिवशी उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे रं बाळा, मला म्हायतीय ती काय बोलली ते."

आत्याही आता नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो : ओढ्याकडची पट्टी तिची होती.