डहाणूचा किनारा व दळणवळणाचे उपग्रह

डहाणू व तलासरी तालुक्यांच्या किनाऱ्याचा इतिहास लिहिणारास फिरंगी व मराठी दप्तरांबरोबर आतां आकाशांतील उपग्रहांचाही विचार करणें प्राप्त आहे. दि. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें मासेमारी नौकांवर उपग्रह-संदेशयंत्रें बसविण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. १३ किनारी राज्यें व केंद्रशासित प्रदेश मिळून १ लाख नौका, असा तिचा संकल्प. तिची पूर्वपीठिका थोडक्यांत देतों.

'ॲपल' हा भारताचा दळणवळणाचा पहिला प्रायोगिक भूस्थिर उपग्रह. सुमारें ६७० किलो वजनाचा हा उपग्रह १९ जून १९८१ रोजीं फ्रेंच गियानांतील कूरू येथून एरियान अग्निबाणानें सोडण्यांत आला. तत्पूर्वीं तो बैलगाडीवर ठेवल्याचें छायाचित्र सर्वश्रुत आहे. त्यावरून साधनांच्या दारिद्र्याचें अनुमान काढण्याची चाल पडली आहे; तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. अँटेनाच्या चांचणींत मोटारीच्या धातूचा व्यत्यय येऊं नये म्हणून लांकडी गाडी योजिली होती. अस्सल चित्रही संदर्भावांचून चुकीची साक्ष देतें, तें असें.

पुढें २७ ऑगस्ट २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून २११७ किलोंचा 'जीसॅट-६' गेला. त्याची छत्रीप्रमाणें उलगडणारी अँटेना ६ मीटर व्यासाची. वरील अँटेना मोठी झाली म्हणजे खालचें यंत्र लहान चालतें, व तें नौकेवर मावतें. मोबाइलचे मनोरे जेथें निरुपयोगी, तेथूनही तांडेलास संकटाचा संदेश धाडतां येतो व उत्तर मिळवितां येतें.

परंतु पालघरच्या त्याच समारंभांत डहाणू तालुक्यांतील वाढवण बंदराची पायाभरणीही झाली. हें बंदर डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानें १९९८ मध्यें नाकारलें होतें. २०२३ मध्यें त्यानेंच अनुमति दिली. स्थानिक मच्छिमारांचा विरोध जुना आहे. ज्या तांडेलास समुद्रांत वाचविण्याची सोय झाली, त्यासच आपला समुद्र आपणांस उरेल कीं नाहीं, ही विवंचना आहे.

समारंभाचें सरकारी वृत्त टिकेल. आकाशमार्गें गेलेला संदेश कोणाच्याही रुमालांत सांपडणार नाहीं. यास्तव झाईपासून वाढवणपर्यंतच्या गांवांचे ठराव, निवेदनें, नौकांच्या नोंदवह्या व छायाचित्रें, स्थळ-काळाच्या टिपणांसह, संग्राहकांनीं आजच जपून ठेवावीं. नाहीं तर बैलगाडीच्या चित्रासारखा एकच कागद उरेल, आणि पुढील संशोधक त्यावरून भलतेंच अनुमान काढील.