बुडालेल्या बंदराचं भाडं

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला गॉलचा किल्ला आहे. किल्ल्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये थोडक्या खोल्यांची, देखणी आणि खिशाला जड अशी हॉटेलं निघाली आहेत. तिथे राहून आलेल्या माणसाला काय आवडलं म्हणून विचारा. अंड्याचं आप्पम, फणसाच्या लाकडाचा पलंग, अंगणातला चाफा असं सगळं तो सांगेल, पण शेवटी शांततेवर येईल. चार वाजता व्हरांड्यात चहा येतो, उन्हं तटाकडे सरकतात, आणि गावात काही म्हणजे काही घडत नाही. हे काही न घडणं गॉलला फार महागात पडलेलं आहे. पाहुणा भाडं मोजतो ते त्याचंच.

या गावात पाहुण्यांचा राबता जुना. इब्न बतूता 1344 मध्ये मालदीवहून लंकेत आला, आदमच्या शिखरावर जाऊन आला आणि दक्षिण किनाऱ्याने फिरत ‘काली’ नावाच्या लहान गावी पोचला. ते हेच गॉल. इब्राहिम नावाच्या एका जहाजमालकाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. गॉलच्या पाहुणचाराबद्दलचा मला माहीत असलेला हा सर्वांत जुना अभिप्राय, आणि तो एका ओळीत संपतो. इब्राहिमने काय खाऊ घातलं, गादी कशी होती, काही नाही. पण यजमान कोण, हे मात्र नीट कळतं. पाहुणा समुद्रावरून येतो आणि त्याला घरात घेणाराही समुद्रावरच पोट भरणारा असतो. पुढची पाचशे वर्षं हेच चाललं.

बेटाच्या आतल्या भागात वेगळी रीत होती. वाटसरूंसाठी गावोगावी ‘अंबलम’ असत: चार बाजूंनी उघडा मांडव, वर कौलं, बसायला लाकडी कठडा. आपल्याकडच्या धर्मशाळेसारखंच, पुण्यासाठी बांधलेलं. कुरुनेगलाजवळच्या पानाविटियाचा अंबलम त्याच्या कोरीव खांबांसाठी आजही बघायला जातात. तिथे कुणी कुणाला भाडं मागत नव्हतं. बंदरावर मात्र सगळा रोखीचा मामला. पाहुणा म्हणजे व्यापार, हे किनाऱ्याला पहिल्यापासून माहीत होतं. चिनी दर्यासारंग झेंग ह याने 1409 सालाची एक शिळा इथे पाठवली. तिच्यावर चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत तीन वेगवेगळ्या देवांना दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. कोणत्या गिऱ्हाइकाशी कोणत्या भाषेत बोलायचं, याची इतकी जाण आजच्या हॉटेलवाल्यांनाही असेल असं वाटत नाही. ही शिळा 1911 मध्ये गॉलमध्येच सापडली.

पोर्तुगीजांनी 1588 च्या सुमारास इथे गढी बांधली. लंकेचा पोर्तुगीज कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता, तेव्हा गॉलचा हुकूम मांडवीकाठाहून सुटायचा. डचांनी 1640 मध्ये ती घेतली आणि मग तट, बुरूज, वखारी, सरळ आखलेले रस्ते असं अख्खं गावच वसवलं. भरतीचं पाणी आत घेऊन गटारं धुऊन काढायची त्यांची योजना तर आजच्या नगरपालिकांनी जाऊन बघावी अशी. जाड भिंती, अर्धगोल कौलं, रस्त्याकडे खोल व्हरांडा, मागे अंगण: आज हॉटेलच्या जाहिरातीत जे दिसतं ते हे डचांचं घर. उकाड्यावरचा तो सरळसाधा उपाय होता.

यातल्या एका घराची कुळकथा सगळ्यात लांबलचक आहे. चर्च स्ट्रीटच्या तोंडाशी 1684 मध्ये डच अधिकाऱ्यांसाठी बांधलेली इमारत. इंग्रज 1796 मध्ये आले, त्यांनी तिथे शिपाई ठेवले. आणि 1860च्या दशकात तिचं हॉटेल झालं, न्यू ओरिएंटल.

ते का झालं, हे समजायला आगबोटीकडे वळायला हवं. सुएझहून कलकत्त्याला, चीनला आणि पुढे ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटी 1840च्या दशकापासून गॉलला थांबू लागल्या. इथे कोळसा भरायचा, टपाल उतरवायचं, उतारू एका बोटीतून दुसरीत बदलायचे. दुसरी बोट यायला कधी एक दिवस, कधी आठवडा. तोवर उतारूंनी करायचं काय? हिंडायचं, जेवायचं आणि व्हरांड्यात बसून समुद्राकडे डोळे लावायचे. गॉलच्या हॉटेलची अशी सुरुवात झाली. हौसेने आलेला प्रवासी तिथे क्वचितच असे, बहुतेक सगळे अडकलेले. आजकाल आगगाडी चुकल्यावर आपण प्रतीक्षालयात बसतो, त्याच मनःस्थितीत ही मंडळी या व्हरांड्यात बसलेली होती.

त्या काळच्या प्रवासवर्णनांत गॉल येतं ते कटकटीसह. बोट नांगर टाकते न टाकते तोच विक्रेते वर चढत. नीलम, माणिक, कासवाच्या पाठीचे कंगवे. खड्यांपैकी किती खाणीतले आणि किती विलायतेतल्या काचेचे, यावर प्रवाशांनी बरीच शाई खर्च केली आहे. भाव अर्ध्याहूनही खाली येतो, हाही शोध प्रत्येकाला नव्याने लागत असे. बाकी जगाची बातमीही लंकेत गॉलमधूनच शिरायची. ‘सिलोन ऑब्झर्व्हर’ या कोलंबोच्या वर्तमानपत्राने 1850 मध्ये त्यासाठी कबुतरं पाळली. बोटीने आणलेल्या ताज्या बातम्यांची चिठ्ठी पायाला बांधून ती सत्तर-बाहत्तर मैल उडत कोलंबोला जात. तारायंत्र येईपर्यंत हे चाललं.

गॉलला एकच खोट होती, ती म्हणजे बंदर स्वतः. पाण्याखाली खडक, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याला सताड उघडी खाडी. मे 1860 मध्ये पी अँड ओची ‘मलबार’ बोट बंदरातच खडकावर आपटली. तिच्यावर लॉर्ड एल्गिन आणि फ्रान्सचे बॅरन ग्रो होते. दोघेही चीनशी चाललेल्या युद्धाची तड लावायला निघालेले, आणि त्यांची कागदपत्रं गॉलच्या तळाशी! पाणबुडे सामान वर काढेपर्यंत दोन साम्राज्यांचे वकील या गावात खोळंबले. हाच एल्गिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला.

त्याच सुमारास पी अँड ओचा कॅप्टन बेली याने खाडीपलीकडच्या टेकाडावर बंगला बांधला. जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल 1881 मध्ये आला तेव्हा हा बंगला बघून गेला आणि मग जवळच्या वेलिगामाच्या रेस्टहाउसमध्ये त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. रेस्टहाउस म्हणजे आपल्या डाक बंगल्याचा सिलोनी भाऊ: सरकारी छप्पर, खानसामा, ठरलेला दर. बेलीचा बंगला आज क्लोसेनबर्ग नावाचं हॉटेल आहे.

सगळेच पाहुणे हॉटेलात उतरत नव्हते, हेही सांगायला हवं. मे 1880 मध्ये गिरगावात राहणारे थिऑसॉफीचे प्रवर्तक कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हॅट्स्की मुंबईहून बोटीने लंकेला आले. बरोबर दामोदर मावळणकर हा त्यांचा तरुण मराठी सहकारी होता. गॉलला त्यांचं जे स्वागत झालं ते एखाद्या राजाचं व्हावं तसं. ती उतरली एका बौद्ध कुटुंबाच्या घरी, आणि गॉलच्या विजयानंद विहारात त्यांनी पंचशील घेतलं. न्यू ओरिएंटलच्या व्हरांड्यातल्या साहेबाला या गर्दीचा पत्ता लागला असेल तर तो कपाळाला आठी घालूनच. तटाच्या आतलं गॉल आणि बाहेरचं गॉल ही दोन गावं होती. ती आजही बरीचशी दोनच आहेत, याकडे मी पुढे येतो.

तेवढ्यात कोलंबोने डाव साधला. तिथे लाटा अडवायला भलीमोठी भिंत घालायचं ठरलं. पहिला दगड प्रिन्स ऑफ वेल्सने 1875 मध्ये बसवला आणि 1885 मध्ये काम पुरं झालं. पण पी अँड ओने त्याआधीच, 1882 च्या सुमारास, बिऱ्हाड कोलंबोला हलवलं होतं. सुएझच्या कालव्याने वाढवलेली सगळी वाहतूक गॉलच्या हातातून गेली. कोळसा भरणारे, होडीवाले, खडे विकणारे, दुभाषे, घोडागाडीवाले सगळे एका दशकात रिकामे. न्यू ओरिएंटल मात्र उघडं राहिलं. कशाच्या जोरावर, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

माझ्या मते गॉलच्या सौंदर्याचा पाया इथे पडला. ज्या गावात पैसा येतो ते गाव दर तीस वर्षांनी स्वतःला पाडून बांधतं. मुंबईच्या फोर्टची तटबंदी 1860च्या दशकात पाडली ती पैसा आला म्हणून, जागा हवी झाली म्हणून. गॉलमध्ये पाडायलाही कुणाकडे पैसा नव्हता. डचांची घरं आणि तट तसेच उभे राहिले. आज आपण त्याला वारसा म्हणतो. शंभर वर्षं त्याचं नाव दारिद्र्य होतं.

न्यू ओरिएंटल 1899 मध्ये एका बर्गर कुटुंबाने घेतलं. बर्गर म्हणजे डच-पोर्तुगीज वंशाचे लंकावासी. याच हॉटेलात 1905 मध्ये जन्मलेल्या नेस्टा ब्रोहियर यांनी ते पुढे अनेक दशकं, 1995 पर्यंत चालवलं. स्वतःच्या जन्मखोलीची चावी पाहुण्याला देणारी यजमानीण जगात किती असतील? या काळात गाव आतून रिकामं होत गेलं. सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा 1956 मध्ये झाल्यावर इंग्रजीवर वाढलेले बर्गर मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला निघून गेले. किल्ल्यात प्रामुख्याने उरली ती मुस्लिम घरं, त्यांत रत्नांचे पिढीजात व्यापारी. हॉटेलचे पंखे डुगडुगत राहिले. पाठीवर पिशवी घेऊन फिरणारी पोरं थोडक्या पैशांत मच्छरदाणीच्या जुन्या पलंगावर झोपून जात.

मग नजर बदलली. युनेस्कोने 1988 मध्ये किल्ला जागतिक वारशाच्या यादीत घातला. पण नजर बदलण्याचं खरं श्रेय मी जेफ्री बावा या वास्तुरचनाकाराला देईन. वडिलांकडून मुस्लिम, आईकडून बर्गर. म्हणजे गॉलमधल्या दोन्ही घरांचा वारस म्हणा. परदेशी काचेच्या पेट्यांच्या जमान्यात त्याने अंगण, कौलं आणि व्हरांडा परत आणला. बेंटोटा बीच हॉटेल त्याने 1960च्या दशकाअखेरीस उभं केलं, तर गॉलच्या वेशीवरचं लाइटहाउस हॉटेल 1997 चं. तिथल्या गोल जिन्याला कठडा म्हणून लाकी सेनानायके यांनी पोर्तुगीज आणि सिंहली सैनिकांची धातूची लढाईच उभी केली आहे. पाहुणा तलवारींमधून वर चढतो. जुनं घर म्हणजे अडगळ नव्हे, हे बावाने श्रीमंतांना पटवलं, आणि एकदा श्रीमंतांना पटलं की भाव चढायला वेळ लागत नाही.

परदेशी लोकांच्या जमीनखरेदीवरचा 100 टक्के कर 2002 च्या सुमारास उठला आणि 2004 अखेरीस पुन्हा लागला. त्या मधल्या फटीतून किल्ल्यातली कितीतरी घरं विकली गेली. न्यू ओरिएंटलची ‘अमनगल्ला’ झाली. आणि त्याच हिवाळ्यात, 26 डिसेंबर 2004 ला, त्सुनामी आली. तटाबाहेरचा बसस्टँड आणि क्रिकेटचं मैदान पाण्याखाली गेलं, माणसं गेली. डचांच्या भिंतींनी आतल्या घरांना बऱ्याच अंशी वाचवलं. बाहेरचं गॉल आणि आतलं गॉल यांतला फरक त्या दिवशी जितका निर्दयपणे दिसला तितका कधी दिसला नसेल. अमनगल्ला 2005 मध्ये चालू झाली, मैदानावर कसोटी परतायला डिसेंबर 2007 उजाडलं. मुरलीधरनचा 800 वा बळी, आपला प्रग्यान ओझा, तिथेच 2010 मध्ये पडला. तटावर उभं राहून सामना फुकट बघायची सोय अजून आहे.

हॉटेलांनी घरं वाचवली, हे कबूल करायलाच हवं. वाळवी लागलेली तुळई कोण बदलणार होतं? सुतार, गवंडी, स्वयंपाकी यांना काम मिळालं. पण जिथे बिऱ्हाडं होती तिथे खोल्या झाल्या, किराण्याच्या जागी कॅफे आला, आणि मशिदीत पाचही वेळा येणारे शेजारी किल्ल्याबाहेर राहायला गेले. पाहुण्याला जी शांतता आवडते तिच्यात माणसं निघून गेल्याचाही वाटा आहे. इब्राहिम जहाजमालक पाहुण्याला स्वतःच्या घरी ठेवत होता. आता घर आहे, पाहुणा आहे, यजमान पगारी आहे. हा फरक हॉटेलांच्या देखणेपणाने झाकला जातो, भरून निघत नाही.

आणि जिंकलेल्या कोलंबोचं काय झालं? तिथे ऐन धक्क्यासमोर 1875 मध्ये ग्रँड ओरिएंटल हॉटेल निघालं. गॉलचे उतारू पळवले ते त्यानेच. ते आजही चालू आहे. वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहातून कंटेनर आणि क्रेन दिसतात, सुरक्षेपायी बंदराचे फोटो काढायला मनाई असते. निवांतपणा शोधणारा प्रवासी विमानतळावरून थेट गॉलची वाट धरतो. झेंग हची शिळा मात्र गॉलमध्ये नाही. ती कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गॉलला जाणार असाल तर जाताना ती बघून जा, आणि गॉलमध्ये तटाबाहेरच्या बाजारात एक वेळचं जेवण जेवा.