करड्या रंगाचा हिशेब

वसईच्या खाडीकांठीं भाईंदरच्या मिठागरांवर ऊन चढलें, कीं मिठाच्या राशींकडे उघड्या डोळ्यांनीं पाहवत नाहीं. डिजिटल कॅमेऱ्यानें कृष्णधवल चित्र घेऊं पाहणाऱ्याची खरी परीक्षा अशाच ठिकाणीं होते.

मीठ आणि छायाचित्र यांचें नातें जुनें आहे. इंग्लंडांत टॅल्बट यानें १८३४ च्या सुमारास जे प्रयोग आरंभिले, त्यांत कागद प्रथम मिठाच्या पाण्यांत भिजवून मग त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात दिला जाई. आणि उमटलेलें चित्र उजेडानें आणखी काळवंडूं नये म्हणून पुन्हां मिठाचेंच दाट पाणी उपयोगीं पडे. मुंबईस ही विद्या लवकरच पोंचली. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी या कलेंत नांवाजले.

त्या काळच्या कांचेवर मुख्यतः निळ्या-जांभळ्या किरणांचाच परिणाम होई. त्यामुळें आकाश कोरें पांढरें उमटे आणि कपाळावरचें लाल कुंकू काळें. ज्यांच्या भिंतीवर पणजोबा-पणजींचीं जुनीं चित्रें असतील, त्यांनीं तीं माणसें तितकीं सांवळीं होतीं असें समजूं नये. तो बराचसा कांचेचा प्रताप! १८७३ सालीं जर्मनींत फोगेल यानें रंगद्रव्य मिसळून कांचेला हिरवा प्रकाशहि दाखविला. लाल नीट दिसूं लागण्यास पुढील शतक उजाडावें लागलें.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्महि कृष्णधवलांतच झाला. १९७५ सालीं कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन यानें बनविलेला पहिला कॅमेरा अवघ्या १०,००० बिंदूंचें चित्र घेई आणि तें कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. संवेदकाचा बिंदु केवळ प्रकाश मोजतो. रंग त्याला कळत नाहीं. म्हणून त्याच कंपनींतील ब्राइस बेयर यानें निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर लाल व पाव बिंदूंवर निळी गाळणी बसविण्याची युक्ति काढली. १९७६ सालीं तिचें पेटंट मिळालें. रंग मागाहून हिशेबानें काढावयाचा, आणि कृष्णधवल हवें असल्यास तो पुन्हां हिशेबानेंच घालवावयाचा, असा हा उलटा व्यवहार आहे.

पण त्यांतच छायाचित्रकाराचें स्वातंत्र्य आहे. एका रूढ प्रमाणांत लालाला शेंकडा ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ असा वांटा असतो. भाईंदरच्या चित्रांत निळ्याचा वांटा वाढविला, तर आकाश मिठाइतकेंच पांढरें होऊन १८५५ ची कांच आठवते. लालाचा वाढविला, तर आकाश गडद होतें व रास त्यावर लखलखीत उठते, कारण मीठ तिन्ही रंग सारखेच परतवितें. जें पूर्वी रसायन ठरवी, तें आतां माणूस घरीं बसून ठरवितो.

एक गोष्ट मात्र जागेवरच संभाळावी लागते. प्रकाश कमी घेतला, तर राशीच्या सांवलींतला मजूर मागाहून बऱ्याच अंशीं उजळतां येतो. परंतु बिंदु प्रकाशानें कांठोकांठ भरले, कीं मिठाच्या दाण्यांचा पोत त्या पांढऱ्यांत बुडतो, आणि तो कोणत्याहि हिशेबानें परत येत नाहीं.