लागणे (क्रियापद)

'लागणे' हे मराठी भाषेतील एक बहुअर्थी अकर्मक क्रियापद आहे. 'स्पर्श होणे' किंवा 'चिकटणे' हा त्याचा मूळ अर्थ असून आघात, भूक-तहान, चव, गरज, नाते, आरंभ आणि सक्ती अशा अनेक अर्थांनी ते वापरले जाते. मुख्य आणि सहायक क्रियापद अशा दोन्ही प्रकारे त्याचा उपयोग होतो. 'लावणे' हे त्याचे सकर्मक रूप होय.

व्युत्पत्ती

या क्रियापदाचा उगम संस्कृत 'लग्' (चिकटणे, जोडले जाणे) या धातूत असून प्राकृत 'लग्ग' या रूपाद्वारे ते मराठीत आले. हिंदीतील 'लगना' आणि गुजरातीतील 'लागवुं' ही त्याची सगोत्र रूपे आहेत. 'लग्न' हा संस्कृत शब्दही याच धातूपासून बनला आहे. त्यामुळे 'लग्न लागले' या वाक्यातील नाम आणि क्रियापद एकाच मुळातून आलेले आहेत. जुन्या मराठीत 'लागी' हे शब्दयोगी अव्यय 'साठी' किंवा 'कडे' या अर्थी येते. चतुर्थीच्या 'ला' प्रत्ययाचा संबंधही काही अभ्यासक याच शब्दाशी जोडतात.

वाक्यरचना

'मला भूक लागली' या वाक्यात 'लागली' हे रूप 'भूक' या शब्दाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते. अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत असते. बोलणारा स्त्री असो वा पुरुष, रूप बदलत नाही. भूक, झोप किंवा ठेच या गोष्टी माणूस करत नाही, त्या त्याला येऊन भिडतात, अशी ही मांडणी आहे. 'मला लागले' या वाक्यात तर कर्ता उच्चारलाच जात नाही, तरी इजा झाल्याचा अर्थ पूर्ण कळतो.

प्रमुख अर्थ

• आघात : पायाला दगड लागला, ठेच लागली.
• चिकटणे, जडणे : सदऱ्याला चिखल लागला; लोखंडाला गंज लागला; लाकडाला वाळवी लागली.
• शरीराचे अनुभव : भूक, तहान, झोप, धाप, उचकी लागणे. 'ऊन लागणे' म्हणजे उष्माघाताचा त्रास होणे, 'गाडी लागणे' म्हणजे प्रवासात मळमळणे आणि 'डोळा लागणे' म्हणजे झोप येणे.
• मनाची अवस्था : ओढ, लळा, नाद, वेड, चटक लागणे.
• चव : आंबा गोड लागतो, पाणी मचूळ लागते.
• गरज : या कामाला दोन दिवस लागतील; सदऱ्याला किती कापड लागेल?
• नाते : तो माझा मामा लागतो.
• वाटेत येणे : गोंदियाहून रेल्वेने नागपूरकडे जाताना आधी तिरोडा लागते, मग तुमसर रोड.
• काळाचा आरंभ : मृग नक्षत्र लागले, ग्रहण लागले.
• निष्पत्ती, प्राप्ती : निकाल लागला, नोकरी लागली, शोध लागला.

सहायक क्रियापद

'पाऊस पडू लागला' यात आरंभ, तर 'मला जावे लागले' यात सक्ती व्यक्त होते. 'जायला लागणे' या रचनेतून दोन्ही अर्थ निघतात. 'तो शाळेत जायला लागला' म्हणजे त्याने जाण्यास सुरुवात केली. 'त्याला शाळेत जायला लागले' म्हणजे त्याला जाणे भाग पडले. येथे अर्थाचा निर्णय 'तो' आणि 'त्याला' या विभक्तीच्या भेदावर होतो.

हिंदीशी तुलना

हिंदीत चव आणि मनातील भाव या दोहोंसाठी 'लगना' चालते. मराठीत जिभेला 'लागते' आणि मनाला 'वाटते' : भाजी चांगली लागते, गाणे ऐकून बरे वाटते. थंडीसाठी प्रमाण मराठीत 'वाजणे' हे क्रियापद येते. मात्र पूर्व विदर्भात हिंदीचा शेजार असल्याने 'थंडी लागते' ही रचनाही ऐकू येते.

बोलीतील रूपे

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा परिसर झाडीबोलीच्या क्षेत्रात मोडतो. येथे 'मला' ऐवजी 'मले' येते : 'मले भूक लागली'. सक्तीसाठी 'करावे लागते' ऐवजी 'करा लागते' असे आटोपशीर रूप विदर्भात रूढ आहे. भातशेतीच्या या भागात 'रोवणी लागली' म्हणजे धानाची लावणी सुरू झाली. रोवणीला मजूर 'लागतात', आणि पुढे त्याच धानाला तुडतुडे 'लागतात'. एकाच हंगामात या क्रियापदाचे आरंभ, गरज आणि उपद्रव हे तीनही अर्थ कामी येतात.

इंग्रजी भाषांतरातील अडचण

या क्रियापदाला इंग्रजीत एकच प्रतिशब्द नाही. 'वेळ लागतो' यासाठी 'टेक', 'गोड लागते' यासाठी 'टेस्ट', 'जावे लागते' यासाठी 'हॅव टू' आणि 'पडू लागला' यासाठी 'बिगिन' किंवा 'स्टार्ट' वापरावे लागते. उलट दिशेने शब्दशः भाषांतर केल्यास 'हे काम दोन दिवस घेईल' यासारखी वाक्ये तयार होतात. त्यांत व्याकरणाची चूक सहज दिसत नाही, पण ते मराठीचे वळण नव्हे; 'या कामाला दोन दिवस लागतील' हीच स्वाभाविक रचना आहे. विद्यार्थ्यांनी शब्दाला शब्द न शोधता संपूर्ण वाक्याचा अर्थ ध्यानात घेणे इष्ट ठरते.

संबंधित शब्द

लागण, लागू, लागट, लागलीच, लागोपाठ, लागेबांधे. तसेच 'लावणे' पासून लावणी (रोपांची).